निवाऱ्याचे देणे

गोदातीरी अन्नदानाची परंपरा मोठी आहे. रामकुंडावर भुकेल्यांच्या हाती घास ठेवणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु तोच भुकेला रात्री उघड्यावर निजतो, याचा जाब त्या पुण्यास देता येत नाही.

हे निराश्रित कोण? पेठ-सुरगाण्यात भाताची कापणी झाली की कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे नाशिक, दिंडोरी, निफाडकडे उतरतात. परदेशी जाणारे द्राक्ष त्यांच्या हातांनी खुडले जाते, शहरातील इमले त्यांच्या घमेल्यांनी चढतात. आणि त्यांची चूल मात्र मैदानात, ताडपत्रीच्या आडोशाला पेटते! या नगरीच्या वैभवात त्यांचा घाम आहे. मग त्यांना छप्पर देणे यास दान कसे म्हणावे?

२०१३ च्या कायद्याने धान्य हा गरिबांचा हक्क ठरविला. निवाऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा उभारण्यास बजावले. २०११ च्या जनगणनेत नाशिकची वस्ती १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे पंधरा निवारे ही किमान गरज ठरते. हे का अशक्य आहे? २०१५ च्या सिंहस्थात याच नगरीने तपोवनात पाणी व दिव्यांसह साधुग्राम वसविले. बारा वर्षांनी साधूंसाठी जे साधते, ते श्रमिकांसाठी बारा महिने का साधू नये?

महापालिकेने अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि त्यापायी चार पैसे अधिक कर पडला तर आम्हां सुखवस्तू नाशिककरांनी तो कुरकुर न करता भरावा.