सांडपाण्यातला पोलिओ

पोलिओचा विषाणू दोनशे मुलांच्या आतड्यात शिरला, तर त्यातल्या साधारण एकाच मुलाचे हातपाय लुळे पडतात. बाकीच्यांना थोडा ताप, घसादुखी, नाहीतर काहीच नाही. ती मुलं अंगणात खेळत राहतात आणि कित्येक आठवडे शौचावाटे विषाणू बाहेर टाकत असतात. पहिला रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तोवर विषाणू वस्तीत केव्हाच मुरलेला असतो. त्याला आधी गाठायचं, तर गटारापर्यंत जावं लागतं.

भारतात हे काम सर्वात आधी मुंबईत सुरू झालं, २००१ मध्ये. परळला हाफकिनच्या आवारातल्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांचे सहकारी शहरातल्या दाट वस्त्यांचं सांडपाणी तपासू लागले. शहरात पोलिओचे रुग्ण मोजकेच, कधी एकही नाही, तरी पाण्यात विषाणू मिळे.

तपासणीची सुरुवात अगदी साधी. सकाळी घराघरांतून पाणी वाहतं त्या वेळी दोरीला बांधलेली बादली सोडून लिटरभर सांडपाणी काढायचं आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवायचं. तिथे गाळ खाली बसवतात आणि अर्ध्या लिटर पाण्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, डेक्स्ट्रान आणि मीठ मिसळून ते नरसाळ्यासारख्या काचपात्रात रात्रभर थंड जागी ठेवतात. सकाळी त्याचे दोन थर झालेले दिसतात. विषाणू खालच्या थरात गोळा होतो. अर्ध्या लिटरचा ऐवज काही मिलिलिटरवर येतो. क्लोरोफॉर्म घालून जीवाणू मारले, की उरलेला द्रव जिवंत पेशींवर सोडायचा.

या पेशींची गंमत सांगायलाच हवी. एल-२०-बी नावाच्या या पेशी उंदराच्या आहेत. उंदराला पोलिओ सहसा होत नाही, कारण विषाणूला चिकटायला लागणारं प्रथिन त्याच्या पेशींवर नसतं. शास्त्रज्ञांनी माणसाचं ते प्रथिन या पेशींवर बसवलं. सांडपाण्यात आतड्यातले इतर ढीगभर विषाणू असले, तरी या पेशींमध्ये प्रामुख्याने पोलिओच वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली पसरट पेशी गोल होऊन काचेपासून सुटू लागल्या, की तंत्रज्ञ सावध होतात. मग पीसीआर चाचणीने तो लशीतला विषाणू आहे की वाइल्ड, म्हणजे मूळचा रोगकारक, याचा छडा लागतो.

खरी माहिती मिळते ती पुढे, विषाणूच्या जनुकाची अक्षरं वाचल्यावर. पोलिओचा विषाणू माणसातून माणसात जाताना सतत बदलतो. व्हीपी-१ या जनुकात वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो. त्यामुळे दोन नमुन्यांतला फरक मोजून त्यांची ताटातूट केव्हा झाली, याचा अंदाज बांधता येतो. मुंबईत सापडणाऱ्या विषाणूंचं नातं उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या संसर्गाच्या साखळ्यांशी जुळायचं. अर्थात, यावरून परप्रांतीयांकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण विषाणू तिकीट काढून येत नाही आणि लस न मिळालेलं मूल कोणत्याही राज्याचं असू शकतं.

याच मोजमापाने २००२-०३ साली एक विलक्षण प्रकार उघडकीस आणला. टाइप-२ या प्रकारचा वाइल्ड पोलिओ विषाणू १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा दिसला होता. तरीही लुळेपणा आलेल्या काही भारतीय मुलांत टाइप-२ सापडला. जनुक वाचलं तर तो एमईएफ-१ निघाला: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इजिप्तमध्ये वेगळा केलेला, प्रयोगशाळांत आणि सॉल्क यांच्या पोलिओ लशीसाठी वापरला जाणारा वाण. एवढ्या दशकांनी त्यात अपेक्षित बदलच नव्हते. वस्तीत फिरणारा विषाणू असा राहणं शक्य नाही. तो कुठल्या तरी प्रयोगशाळेच्या साठ्यातून आला होता.

मुंबईच्या सांडपाण्यात वाइल्ड पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. बादली मात्र थांबली नाही, कारण विषाणू पुन्हा कुठेही डोकं वर काढू शकतो. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात लशीपासून उद्भवलेला पोलिओ विषाणू सापडला, तोही तिथे लुळेपणाचा एकही रुग्ण नसताना.

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे: तिला मलवाहिन्या लागतात. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, कळंबसारख्या वाड्यांच्या किनारी गावात, घरोघरी सेप्टिक टँक. तिथे बादली सोडायची कुठे? अशा गावांत भिस्त असते ती आशाताईंवर, आरोग्यसेविकेवर आणि खाजगी डॉक्टरांवर. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही वाटो, कळवायचं. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, प्रत्येकी अंगठ्याएवढे. बर्फाच्या डब्यातून ते मुंबईला जातात.

यातले बहुतेक रुग्ण पोलिओचे नसतात; गुलियन-बारे सिंड्रोम किंवा दुसरं काही निघतं. तरी ते नोंदवावेच लागतात, कारण यंत्रणेची परीक्षा त्यांच्यावरच होते. पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेला लुळेपणाचा निदान एक रुग्ण सापडला पाहिजे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष. भारताने तो दोनवर नेला. एखाद्या जिल्ह्याने वर्षभर एकही रुग्ण नाही असं कळवलं, तर त्याची पाठ थोपटत नाहीत, तिथली नोंदवही तपासायला घेतात.