चित्रपटातले कर्कश सूर नकोसे का वाटतात?

काही चित्रपटांचे पार्श्वसंगीत सुरू होताच अंगावर काटा येतो, कानांवर हात ठेवावेसे वाटतात. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मधील (१९६०) न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग याचे प्रसिद्ध उदाहरण. हा प्रसंग संगीताविनाच ठेवायचा, असे हिचकॉक यांनी ठरवले होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी मात्र केवळ तंतुवाद्यांवर किंकाळ्यांसारखे सूर रचले. ते ऐकून हिचकॉक यांनी आपला विचार बदलला.

या नावडीचे मूळ प्राण्यांच्या हाकेत असावे. घाबरलेला प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा स्वरयंत्रावर ताण येऊन आवाज फाटतो, खरखरीत होतो. असा आवाज म्हणजे धोक्याची सूचना. तो कानाआड करता येत नाही. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लुमस्टाइन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १०२ चित्रपटांतील प्रसंग तपासले. त्यात भयपटांमध्ये अशा खरखरीत आवाजांचे प्रमाण अधिक आढळले.

पुढील प्रयोगात त्यांनी साध्या संगीतात मध्येच असा फाटका आवाज मिसळला. श्रोते अस्वस्थ झाले. तेच संगीत अगदी साध्या, निरुपद्रवी दृश्यांसोबत ऐकवले, तेव्हा श्रोत्यांची उत्तेजना कमी झाली. पण नकोसेपणा कायम राहिला.

त्यामुळे भयपट पाहताना छातीत धडधडू लागले, तर नुसते डोळे मिटून भागत नाही. कान उघडेच असतात. अशा वेळी, विशेषतः मुले सोबत असतील तर, आधी आवाज कमी करावा.