डेथ मॅग्नेटिक: गाणी दमदार, आवाज फाटका

सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिका या मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला आणि चाहत्यांत दोन तट पडले. लांबलचक रचना आणि गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो ऐकून एक गट हरखला (आधीच्या ‘सेंट अँगर’मध्ये सोलो नव्हतेच!). दुसऱ्याची तक्रार मास्टरिंगची, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या संस्काराची: सगळंच इतकं वरच्या पातळीला रेटलंय की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, ड्रमचा ठोका उठतच नाही. ‘गिटार हीरो’ गेममध्ये हीच गाणी कमी दाबलेली मिळाली, तेव्हा फरक उघड झाला. गाणी खरंच उत्तम आहेत, म्हणूनच मला या मास्टरिंगचा जास्त राग येतो. ‘ऑल नाइटमेअर लाँग’ अल्बम आणि गेम, दोन्हीकडे ऐका, आवाजाची पातळी सारखी ठेवून. लक्ष स्नेअर ड्रमकडे द्या.