आकड्याआधी ज्योत पाहा

अवकाशयान फुटतं आणि तीन माणसं एका परक्या ग्रहावर येऊन पडतात. ‘रिमवर्ल्ड’ची नेहमीची सुरुवात ही अशी. टायनन सिल्व्हेस्टर यांनी रचलेल्या या गेमची पूर्ण आवृत्ती २०१८ मध्ये आली. या तिघांना निवडताना नवा खेळाडू कौशल्यांपुढचे आकडे पाहतो, आणि इथेच त्याची गफलत होते.

स्वयंपाक, बांधकाम, शेती, वैद्यकी अशी बारा कौशल्यं, प्रत्येकाला शून्य ते वीस गुण. त्या आकड्याशेजारी कधी एक ज्योत दिसते, कधी दोन, कधी एकही नाही. ही ज्योत म्हणजे त्या कामाची ओढ. ज्योत नसेल तर माणूस ३५ टक्के वेगानेच शिकतो, एक असेल तर १०० टक्के, दोन असतील तर १५०. म्हणजे तेच काम करताना दोन ज्योतींचा माणूस चौपटीहून अधिक वेगाने तयार होतो. शिवाय दहाव्या पातळीपासून पुढे सराव सुटला की कौशल्य झिजू लागतं. आज चार गुणांवर असलेली, पण दोन ज्योतींची पोर काही काळाने वस्तीची खरी डॉक्टर होते, आणि आठ गुणांचा निरुत्साही गडी बराच काळ तिथेच घुटमळतो.

कौशल्याचा परिणाम कामागणिक वेगळा. कच्च्या स्वयंपाक्याच्या जेवणातून विषबाधा होण्याची शक्यता जास्त, नवख्या शेतकऱ्याच्या हातून पिकाची नासाडी अधिक. उलट सामान वाहायला कौशल्य लागतच नाही. त्यासाठी धडधाकट हातपाय पुरतात.

मला या गेममधली सर्वांत खरी गोष्ट वाटते ती शरीराची. उत्तम शल्यविशारदाचा एक हात तुटला, तरी त्याचे गुण कागदावर जसेच्या तसे राहतात. पण हाताची क्षमता घटते आणि शस्त्रक्रियेचा भरवसा उरत नाही. नजर अधू झाली तरी तेच. विद्या डोक्यात शाबूत असते, ती उतरवायला हात नसतो. स्वभावाचंही तसंच: कष्टाळू माणूस ३५ टक्के जलद काम करतो, आळशी २० टक्के मंद. मन फार खचलं तर अव्वल कारागीरही काम टाकून भरकटतो. म्हणून नीटस जेवणघर बांधणं हीसुद्धा उत्पादनातली गुंतवणूकच.

एवढं कळलं की कामांचा तक्ता वाचता येतो. त्यात एक ते चार असे प्राधान्यक्रम असतात. एकचं काम आधी, आणि आकडे सारखे असतील तर डावीकडच्या रकान्यातलं पहिलं. डॉक्टरला वैद्यकीत एक द्या, पण रुग्ण नसताना तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून दुसऱ्या कामालाही आकडा द्या.

पुढच्या वेळी तिघे निवडाल तेव्हा आधी ज्योती मोजा, मग स्वभाव आणि जुनी दुखणी वाचा. गुणांचे आकडे त्यानंतर पाहिले तरी चालतील.