मुरलेला साग

मीरा-भाईंदर म्हटलं की टॉवर आणि लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण भाईंदर स्टेशनाबाहेर उत्तनची बस पकडली की थोड्याच वेळात मिठागरं लागतात आणि पुढे डोंगरी, पाली, चौक ही कोळ्यांची गावं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा इथल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या दिसतात. त्यांतली एखादी कायमची निवृत्त होते. फायबरच्या जमान्यात लाकडी होडी पुन्हा दुरुस्त करणं दरवेळी परवडतंच असं नाही. मग ती मोडीत निघते आणि तिचं बरंचसं लाकूड चुलीत जातं. एरवी फर्निचरच्या दुकानात अशीच फळी ‘बोटवुड’ म्हणून भाव खाते.

‘पाण्यात मुरलंय, म्हणजे मजबूत’ असं दुकानदार सांगतो. हे अर्धंच खरं आहे. आपल्या किनाऱ्यावर होडीच्या फळ्या परंपरेने सागाच्या आणि वाकड्या बरगड्या बाभळीच्या. साग टिकतो तो अंगच्या तेलामुळे. समुद्र त्याला नवं बळ देत नाही, फक्त परीक्षा घेतो. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी फारशी वाढत नाही, ती फोफावते पावसाच्या गोड्या पाण्यावर. म्हणून जुन्या होडीत सतत बुडालेला तळ पुष्कळदा ठणठणीत असतो आणि वरची, पाऊस झेललेली फळी बोटाने दाबली तरी चुरते.

तळालाही शत्रू आहेच. लाकूड पोखरणारा हा प्राणी दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांचा भाऊबंद. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो आत शिरतो आणि मग आतल्या आत वाढत बोगदे खणतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. करवतीने आडवी कापली की बोटभर रुंदीची भोकं दिसतात, आतून चुन्याचं पांढरं अस्तर दिलेली. अशी फळी खुर्चीच्या पायाला कामाची नाही. भिंतीवर लावायला मात्र सुरेख. व्हेनिसच्या खाडीतले ओकचे खांब असेच पोखरले जातात आणि इटलीत त्यांचं महागडं फर्निचर होतं!

आपला साग या बाबतीत थोर घराण्यातला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्यानंतर चार वर्षांनी इथेच बांधलेली ‘गॅंजेस’ 1930 च्या सुमारास मोडली, तेव्हा तिच्या कप्तानाची केबिन डेव्हनमधल्या बर्ग आयलंड हॉटेलात जशीच्या तशी बसवली गेली. व्हाइट हाउसमधलं प्रसिद्ध टेबल याच जातीचं, पण ओकचं. आर्क्टिक बर्फात 1854 साली सोडून दिलेलं ‘रेझोल्यूट’ हे ब्रिटिश जहाज अमेरिकनांनी शोधून परत केलं. पुढे ते मोडल्यावर व्हिक्टोरिया राणीने 1880 मध्ये त्याच्या लाकडाचं टेबल करून अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट पाठवलं.

आता कारागिराचं काम. पहिली डोकेदुखी खिळ्यांची. गंजलेला खिळा लाकडात काळानिळा डाग सोडतो. तो डाग शोभतोही, पण आत राहिलेलं तुटकं टोक रंध्याचं पातं एका फटक्यात बाद करतं. म्हणून आधी लोहचुंबक फिरवायचं, मग रंधा. दुसरी डोकेदुखी मिठाची. मीठ हवेतला ओलावा ओढतं. तसंच पॉलिश केलं तर पावसाळ्यात पृष्ठभाग चिकट होतो, पांढरी भुकटी सुटते. त्यामुळे फळ्या गोड्या पाण्यात भिजवून, पाणी पुन्हापुन्हा बदलून मीठ काढायचं आणि मग सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून सुकवायच्या. जाड फळीला इंचामागे वर्ष, असा सुतारांचा जुना हिशोब आहे. हे मुरवणं कोणाला दिसत नाही, पण किमतीतला मोठा वाटा त्याचाच असतो, किंवा असायला हवा. स्क्रू पितळी वा स्टेनलेस स्टीलचेच, साधे लोखंडी पुन्हा गंजणार.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. होडीचा पोपडे सुटलेला निळा-हिरवा रंग फोटोत झकास दिसतो आणि शहरी गिऱ्हाइकाला तोच हवा असतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली तीही 2017 साली, आणि होडीचे रंग घरगुती नव्हेत. पाण्याखालच्या भागाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी लेप देतात. असलं लाकूड जेवणाच्या टेबलाला किंवा पाळण्याला वापरू नये. रंग कोरडा घासून तर मुळीच काढू नये, धूळ फुप्फुसात जाते.

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात ‘समुद्राचं लाकूड’ दाखवलं, तर आधी उचलून बघा. फळी आकाराच्या मानाने हलकी लागली तर आत पोखरलेली असू शकते. मग मागच्या बाजूचा एक कोपरा रंधून मागा. ताज्या रंधलेल्या सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो. दुकानदार कोपरा रंधायला तयार नसेल, तर पुढच्या दुकानात जा.