खांदा दुखतोय? चोळण्याआधी दुखणं ओळखा



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. या दिवसांत आपण जाळी दुरुस्त करतो, इंजिन खोलतो, होडी रंगवतो. खांद्याचं दुखणं मात्र तसंच राहतं. रापण ओढून, बर्फाच्या पेट्या उचलून, मासळीच्या पाट्या वाहून खांदा दुखतोच. मग तेल चोळायचं, गोळी घ्यायची. पण सगळी दुखणी एक नसतात.

🔹 खांदा आखडणे (फ्रोझन शोल्डर)
बहुधा ४० ते ६० वयात होतो, मधुमेह असणाऱ्यांना जास्त. रात्री ठणकतो. दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. हात गळ्यात बांधून ठेवला तर आणखी आखडतो. शेक, शिकवलेले व्यायाम, गरज पडल्यास सांध्यात इंजेक्शन हे उपचार. बरं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात, पण ऑपरेशन क्वचितच लागतं. साखर जरूर तपासा.

🔹 स्नायूची दोरी फाटणे
चार स्नायू खांदा धरून ठेवतात. वापरून दोर झिजतो तशा त्यांच्या दोऱ्या झिजतात, आणि एखाद्या झटक्याने तुटतात. खूण अशी: दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, स्वतःला उचलत नाही. एक्स-रेत हे दिसत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. झिजेला व्यायाम पुरतो बऱ्याचदा. झटक्याने तुटली असेल तर लगेच दाखवा. उशीर झाला की स्नायू आक्रसतो, शिवणं कठीण होतं.
आपल्याच एका सभासदाने नऊ महिने नुसतं चोळून घेतलं. आज त्यांना जाळं फेकता येत नाही.

🔹 खांदा निखळणे, हाड मोडणे
डेकवर घसरून पडलात तर ओढून बसवू देऊ नका, नस दुखावते. चोळू नका. हात कापडाच्या झोळीत ठेवून थेट हॉस्पिटलात जा.

⚠️ डाव्या खांद्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर ते हृदयाचं असू शकतं. लगेच १०८ ला फोन करा.

तीन आठवडे दुखणं थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बांबोळीला गोमेकॉत ओपीडी आहे. जाताना जुने रिपोर्ट न्या. खलाशांनाही हे वाचून दाखवा. होडी दुरुस्त झाली, पण ओढणारा हात नसेल तर काय उपयोग?