काठीची नेढी

राजगडाच्या सुवेळा माचीकडे जाताना कातळाला आरपार पडलेलं एक भोक लागतं. गड चढलेला पुणेकर त्याला नेढं म्हणून ओळखतो. त्यात माणसं बसतात, वारा खातात. सुईच्या डोक्याशी दोरा ओवायला असतं तेही नेढंच. ते दिसायला मात्र चष्मा लागतो. माझ्या टेबलावर तिसऱ्या प्रकारची नेढी पसरलेली असतात. गळाच्या काठीवर ओळीने बसवायच्या या कड्यांना हौशी गळवाले ‘गाइड’ म्हणतात. यातली मोठी कडी रुपयाच्या नाण्याएवढी, तर सर्वांत लहान ज्वारीच्या दाण्याएवढी असते.

स्वतःची काठी स्वतः बांधणारा माणूस ब्लँक निवडायला, म्हणजे काठीची नुसती कार्बनची नळी पारखायला, महिना घालवतो. मुठीच्या बुचाचा रंग, धाग्याची नक्षी यांवर तासन्‌तास बोलतो. कड्या मात्र अनेकदा ‘सेट’ म्हणून एका पुडीत येतात आणि तशाच बसतात. मला हे चुकीचं वाटतं. काठी हातात कशी वाटेल, गळ किती लांब जाईल, माशाने हलकेच तोंड लावलेलं बोटांना कळेल की नाही, यातलं बरंचसं या कड्यांच्या मापावर ठरतं. माप जितकं लहान तितकं बरं, पण एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा शोधणं हाच या कामातला खरा कस आहे.

एका ग्रॅमची किंमत

मूळची गळाची काठी म्हणजे नुसता बांबू. कोकणात माणगा जातीचा जवळजवळ भरीव बांबू मिळतो. अशा काठीच्या शेंड्याला दोर बांधला, दोराला गळ लावला की झालं. तिथे कडीची गरजच नव्हती. मुठीपाशी रीळ आलं आणि दोर काठीच्या अंगाने शेंड्यापर्यंत न्यायची वेळ आली, तेव्हा कड्या आल्या. युरोपातल्या जुन्या काठ्यांवर त्या सैल लोंबत असत. मग पक्क्या तारेच्या आल्या, मग दोर घासून तार कापू नये म्हणून आत अकीक दगड बसवलेल्या आल्या. आज चांगल्या कडीत सिरॅमिकची रिंग असते. स्वस्तातली ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे रसायन माणकाचंच. महागातली सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे कारखान्यातल्या घासचाकाचं कार्बोरंडम. लोखंड झिजवणारा हाच पदार्थ आरशासारखा गुळगुळीत केला की दोराला अलगद वाट देतो आणि घर्षणाची उष्णताही चटकन पसरवून टाकतो. जपानच्या फुजी कंपनीने या कड्या जगभर पोहोचवल्या. कड्यांची मापंही मिलिमीटरमध्येच असतात: ५ नंबरची कडी म्हणजे रिंगचा बाहेरचा व्यास ढोबळमानाने ५ मिलिमीटर. दोराला मिळणारी आतली वाट त्याहून बरीच कमी.

सात फुटांची काठी म्हणजे सुमारे २१० सेंटिमीटर. मुठीपासून ७० सेंटिमीटरवर एक ग्रॅमची कडी बसवली आणि तशीच दुसरी शेंड्याशी, २१० सेंटिमीटरवर. वजन दोन्हींचं सारखंच. पण काठी मुठीतून फिरवताना शेंड्याची कडी पहिलीच्या नऊ पट अडते, कारण जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. त्यातून शेंड्याशी ब्लँक जेमतेम दोनेक मिलिमीटर जाड असतो. त्यावर कडी, तिचे पाय, पायांवरचा धागा आणि धाग्यावरचं इपॉक्सी असा सगळा भार चढतो. बांधलेल्या कडीचं वजन ब्लँकच्या तेवढ्या तुकड्याहून सहज जास्त भरतं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापली की नाद खाली उतरतो. शेंड्याला जड कड्या बांधल्या की काठीचंही तेच होतं. तिची थरथर संथ होते आणि गळ फेकल्यावर शेंडा लवकर स्थिर होत नाही. हलणारा शेंडा सुटत्या दोराला फटके देत राहतो आणि गळ जवळच पडतो. उलट दिशेने येणारा निरोपही बोथट होतो. मरळ आमिषाला नुसती धडकली, चिलापीने ते चिमटीत धरून सोडलं, तर ती टकटक जड शेंड्यातच विरून जाते. कड्या लहान केल्या की धागा कमी लागतो, इपॉक्सी कमी लागतं आणि त्याच ब्लँकचा स्वर चढतो. एकच ब्लँक जुन्या पद्धतीच्या मोठ्या कड्यांनी आणि मग लहान कड्यांनी बांधून पाहिला, तर दोन वेगळ्या काठ्या हातात घेतल्यासारखं वाटतं.

रीळ विचारतं ते

कडी किती लहान करायची, याचं पहिलं उत्तर रीळ देतं. स्पिनिंग रिळाचं तोंड पुढे असतं आणि त्यावरून दोर वेटोळ्यांनी सुटतो. शिवणकामाच्या दोऱ्याचं रीळ उभं धरून वरच्या टोकाने दोरा ओढला की तो नागमोडी निघतो, तसाच. ही वेटोळी अडू नयेत म्हणून पूर्वी मुठीजवळ भली मोठी कडी लावत आणि पुढे हळूहळू लहान करत नेत. आता उलटा विचार स्थिरावला आहे: वेटोळी लवकर आवळा आणि मग दोर सरळ जाऊ द्या. त्यासाठी पहिली कडी २० नंबरची, उंच पायांवर उभी. दुसरी १० ची, तिसरी साडेपाचची. तिसऱ्या कडीपर्यंत वेटोळं मोडलेलं असतं. पुढे शेंड्यापर्यंत पाच किंवा साडेचारच्या एकसारख्या बारीक कड्या.

हे जमलं ते विणलेल्या ‘ब्रेड’ दोरामुळे. तो बारीक आणि मऊ असतो, रिळाचं वळण धरून बसत नाही. जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोर, लावणाऱ्याने मात्र हा हट्ट धरू नये. तंगूस ताठ असतो, वेटोळं सोडत नाही आणि लहान कडीच्या तोंडाशी गर्दी करतो. जाड तंगूस वापरायचा असेल तर सगळा उतार एक-दोन मापांनी मोठा ठेवावा.

बेटकास्टिंग रिळाची गोष्ट सोपी आहे. तिथे चाकच फिरतं, दोर सरळ निघतो, वेटोळ्यांचा प्रश्नच नाही. त्यामुळे मुठीपासूनच लहान कड्या चालतात. पण हे रीळ काठीच्या पाठीवर बसतं, कड्याही पाठीवर. काठी वाकली की दोन कड्यांमधला दोर खाली येऊन ब्लँकला घासू पाहतो. म्हणून कड्या लहान घ्यायच्या आणि संख्येने जास्त. ‘फुटामागे एक आणि वर एक’ हा जुना आडाखा. सात फुटी काठीला आठ. लहान मापाच्या नऊ-दहा लावल्या तरी शेंड्याकडचं वजन जुन्यापेक्षा कमीच राहतं.

गाठ ठरवते ते

इथवर सगळं लहान मापाच्या बाजूचं. माझ्या पहिल्या काठीवर मी याच उत्साहात शेंड्याकडे मिळतील तेवढ्या बारीक कड्या बसवल्या. ब्रेडच्या पुढे दगडांवर टिकावा म्हणून तंगूसचा जाड तुकडा, म्हणजे लीडर, जोडला होता. दोन दोर जोडणारी गाठ मी जाड मारली. फेकताना ती प्रत्येक कडीवर ठेचाळत होती, तरी मी फेकत राहिलो. दुपारी एक चांगला मासा लागला. तो काठाशी आला, गाठ शेंड्याच्या कडीतून आत आली आणि तिथेच अडकली. माशाने शेवटची उसळी घेतली तेव्हा रिळातून दोर सुटू शकला नाही. लीडर तुटला. तोंडात गळ घेऊन तो मासा गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. चूक सर्वस्वी माझी होती: मी कडी काठीसाठी निवडली होती, गाठीसाठी नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच. आपण नेहमी वापरतो त्यातला सर्वांत जाड लीडर घ्यायचा, नेहमीचीच गाठ मारायची आणि ती जिच्यातून विनासायास जाईल अशी सर्वांत लहान कडी निवडायची. गाठ बारीक करायला शिकलो तर कडीही लहान करता येते. ‘एफजी’ नावाची गाठ लीडरभोवती ब्रेडची वीण घालून होते आणि लीडरपेक्षा फारशी जाड होत नाही. ती शिकायला चार संध्याकाळी लागतात.

पाणी आणि मासा

गाठीनंतरचा निर्णय पाण्याचा. थंड देशांत बारीक कड्यांची तक्रार असते ती बर्फाने बुजण्याची. आपल्याकडे शेवाळ आहे. पुण्याच्या आसपासच्या तळ्यांत उन्हाळ्यात हिरवा तंतू दोराला चिकटून येतो. जलपर्णीच्या मुळांचे केसही येतात. साडेतीनच्या कडीत तो बोळा पहिल्याच फेरीत अडकतो, साडेपाचच्या कडीतून बहुधा निसटतो. म्हणून गाठीने सांगितलेल्या मापावर गढूळ, शेवाळी पाण्यासाठी मी एक पायरी वर चढतो. स्वच्छ धरणाच्या पाण्यासाठी चढत नाही. कोकणच्या खाडीवर न्यायची काठी असेल तर मापाइतकीच चौकटीच्या धातूची चौकशी करावी, कारण हलक्या स्टीलला खारं पाणी रिंगच्या कडेपासून खायला सुरुवात करतं.

शेवटचा निर्णय माशाचा. इथे पुण्याला एक मोठा मान आहे. दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. इथल्या लोकांच्या तोंडचं नावच त्यांनी शास्त्राला दिलं. ज्या नदीने जगाला हा मासा ओळखीचा करून दिला, तिच्या शहरातल्या पात्रात आज सांडपाणी वाहतं. गळाची काठी बांधणाऱ्या पुणेकराने बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून हे एकदा तरी मनाला लावून घ्यावं. सुदैवाने लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास केली, लाखो बोटुकली देशभरच्या पाण्यांत सोडली.

महसीर लागला की तो प्रवाहात खाली धाव घेतो, आणि ती पहिली धाव काठीवरच्या प्रत्येक कडीची परीक्षा असते. ताणलेला दोर रिंगवरून सूं करत जातो, रिंग तापते, एका पायावर उभी असलेली कडी पिळवटते. अशा काठीवर मुठीकडच्या दोन-तीन कड्या दोन पायांच्या घ्याव्यात आणि रिंग सिलिकॉन कार्बाइडची घ्यावी. शेंड्याकडे मात्र लहान, एकपायी कड्याच राहू द्याव्यात. तिथे ताण वाटून घ्यायला त्या पुरेशा संख्येने असतात. आणि परवाना, जागेची मुभा घेऊन गळ टाकलेला असला तरी महसीर पाण्यात परत जायलाच हवा.

बांधणी

माप ठरलं की जागा ठरवायच्या. कड्या ब्लँकवर तात्पुरत्या धरून ठेवायला मी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे वापरतो. सायकलींच्या या जुन्या शहरात त्याहून सोयीची वस्तू नाही. मग कड्यांतून दोर ओवून टोकाला वजन टांगायचं आणि काठीला कमान घ्यायला लावायची. दोराने त्या कमानीशी जुळतं वळण घ्यायला हवं. जिथे दोर दोन कड्यांमध्ये सरळ ताणून कमानीपासून फार सुटतो, तिथे कडी सरकवायची किंवा एक वाढवायची. त्यानंतर पहाटे मोकळ्या मैदानावर जाऊन गळाऐवजी नुसतं वजन लावून फेकून पाहायचं. पहिली कडी दोन सेंटिमीटर पुढेमागे केली तरी फेकीतला फरक कळतो.

जागा पक्क्या झाल्या की कडीचे पाय कानशीने चाकूच्या धारेसारखे उतरते करायचे, म्हणजे धागा ब्लँकवरून पायावर खळगा न ठेवता चढतो. नायलॉनचा धागा शेजारी शेजारी बसवत जायचं आणि शेवटचं टोक त्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. वर इपॉक्सीचा पातळ थर. तो वाळेपर्यंत काठी सावकाश फिरती ठेवावी लागते, नाहीतर इपॉक्सी एका बाजूला ओघळतं. गणपतीच्या आराशीतलं चक्र फिरवणारी मंद मोटर या कामाला उत्तम चालते. विसर्जनानंतर माझ्या घरची मोटर माळ्यावर न जाता काठ्या फिरवत राहते.

वापरात आल्यावरही या नेढ्यांकडे लक्ष हवं. दर काही दिवसांनी प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर तिथे कापसाचा तंतू अडकतो. तशी एक चीर महागड्या दोराला वस्तऱ्यासारखी कापते.

काठी पूर्ण झाली की मी शेवटची तपासणी घरातच करतो. दोर ओवतो, लीडर जोडतो आणि डोळे मिटून गाठ हाताने सावकाश ओढत नेतो. दुसऱ्या हाताची दोन बोटं ब्लँकवर टेकलेली असतात. गाठ एकेका कडीतून जाते. वाट पुरेशी असेल तर बोटांना केवळ रेशमी सरसर जाणवते. कुठे बारीकशी टक् ऐकू आली तर मी डोळे उघडतो, ब्लेडने त्या कडीचा धागा कापतो आणि अर्ध्या मिलिमीटरने मोठी कडी शोधायला पुडीत हात घालतो.